दुकान आधी फ्रेंचमध्ये उघडते

दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा हवी, यावरून लोकर विकणारे एक छोटे दुकान आणि बुटांची एक नावाजलेली साखळी क्वेबेक सरकारशी भांडली आणि ते भांडण थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. व्हॅलरी फोर्ड या बाईंच्या दुकानावर ‘लोकर’ हा शब्द फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिला होता. ब्राउन्स या बूटविक्या कंपनीचाही दोन भाषांच्या पाट्यांचा आग्रह होता. कायदा मात्र म्हणत होता, फक्त फ्रेंच. १५ डिसेंबर १९८८ रोजी निकाल लागला. इंग्रजीला पाटीवरून हाकलून देणे घटनेत बसत नाही, पण फ्रेंच ठळकपणे वरचढ दिसली पाहिजे अशी अट सरकार घालू शकते, असे न्यायालयाने सांगितले. सरकारने आधी घटनेतल्या अपवादाच्या कलमाचा आधार घेऊन बाहेरच्या पाट्या फ्रेंचच ठेवल्या. अखेर १९९३ मध्ये न्यायालयाने सुचवलेलाच मधला मार्ग स्वीकारला. फॅशन आणि फ्रेंच यांचे तिथले नाते इतके जुने, इतके भांडखोर आहे.

ज्या कायद्यावरून हे घडले ती फ्रेंच भाषेची सनद. २६ ऑगस्ट १९७७ रोजी रने लेवेक यांच्या सरकारने ती मंजूर केली. तिचे कर्ते कामिय लोराँ हे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, आणि ही गोष्ट मला मोठी सूचक वाटते. क्वेबेकमधल्या मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्य माणसे फ्रेंच बोलणारी, पण तेव्हा शहरातल्या मोठ्या धंद्याची भाषा इंग्रजी होती. स्वतःच्याच गावात कपडे घ्यायला गेल्यावर परक्या भाषेत बोलावे लागण्याचा सल कितीतरी घरांत होता. २०२१ च्या जनगणनेत क्वेबेकची लोकसंख्या ८५ लाख भरली. चहूबाजूंनी इंग्रजीने वेढलेला हा फ्रेंचभाषक प्रांत आपल्या भाषेबद्दल हळवा असला तर त्यात नवल नाही. ‘बॉनजूर-हाय’ असे दुकानदारांनी दोन भाषांत स्वागत करू नये, ‘बॉनजूर’ एवढेच म्हणावे, असा ठराव तिथल्या विधानसभेने २०१७ मध्ये एकमताने केला होता. आता दुकानच मोबाइलवर आल्यामुळे हे ‘बॉनजूर’ कोणी आणि कुठे म्हणायचे, हा प्रश्न वेबसाइट बांधणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडला आहे.

२०२२ मध्ये सनदेत मोठी दुरुस्ती झाली. तिला सगळे ‘कायदा ९६’ म्हणतात. कॅटलॉग, माहितीपत्रके आणि तत्सम व्यापारी मजकूर कोणत्याही माध्यमात असो, फ्रेंचमध्ये असलाच पाहिजे, आणि दुसऱ्या भाषेतला मजकूर फ्रेंचपेक्षा अधिक सोयीने मिळता कामा नये. म्हणजे इंग्रजी ग्राहकाला मापांचा तक्ता दिसतो आणि फ्रेंच ग्राहकाला ‘लवकरच येत आहे’, हे चालणार नाही. पावत्या फ्रेंचमध्ये हव्यात. छापील अटींच्या करारात फ्रेंच मजकूर ग्राहकाला आधी द्यायचा, त्यानंतर तो हवी ती भाषा निवडू शकतो, हा नियम १ जून २०२३ पासून लागू आहे. नियम मोडणाऱ्या कंपनीला पहिल्या गुन्ह्यासाठी ३,००० ते ३०,००० डॉलर दंड होऊ शकतो, आणि चूक चालूच राहिली तर प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा धरला जातो.

इथे एक बारकावा आहे. रस्त्यावरच्या पाटीवर फ्रेंच वरचढ हवी. १ जून २०२५ पासून तर ट्रेडमार्क दुसऱ्या भाषेत असेल, तर फ्रेंच मजकुराने त्याच्या दुप्पट जागा व्यापली पाहिजे. वेबसाइटकडून मात्र कायदा बरोबरी मागतो, वरचढपणा नाही. मग ‘आधी फ्रेंच’ कशासाठी? माझ्या मते त्याचे खरे कारण कारागिरीचे आहे. इंग्रजीत बेतलेल्या दुकानाला मागाहून फ्रेंच अस्तर लावले की शिवण दिसतेच, आणि ती नेमकी नको तिथे दिसते. कार्ड नाकारले गेल्याचा संदेश, पासवर्ड विसरल्यावर येणारा ईमेल, परताव्याच्या अटी. ग्राहक वैतागलेला असतो तेव्हाच दुकान त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागते.

ऑनलाइन दुकाने उभारून देणाऱ्या शॉपिफायचे उदाहरण घेऊ. ही कंपनी ओटावाची, म्हणजे नदी ओलांडली की क्वेबेक. टोबियास लुटके यांनी आधी स्नोबोर्ड विकायचे ऑनलाइन दुकान काढले आणि त्यासाठी लिहिलेल्या प्रणालीतून २००६ मध्ये शॉपिफाय उभी राहिली. तिथे दुकानाची एक मुख्य भाषा ठरवावी लागते. मुख्य भाषेला उघडा, साधा पत्ता मिळतो. दुसरीच्या पत्त्याला भाषेची दोन अक्षरे चिकटतात. मुख्य भाषा इंग्रजी ठेवली की फ्रेंच कायमची पोटभाडेकरू होते. मुख्य भाषा मागाहून बदलता येते, पण तोवर शेकडो वस्तूंची नावे, वर्णने, शोधयंत्रासाठीचा मजकूर सगळा इंग्रजीच्या खणात भरलेला असतो आणि तो आपोआप जागा बदलत नाही. म्हणून हा निर्णय पहिल्या दिवशी, पहिला शर्ट अपलोड करण्याआधी घ्यायचा. वस्तूंना लावलेले टॅग तर भाषांतरित होतच नाहीत. त्यांच्यावर गाळणी बेतली असेल, तर फ्रेंच पानावरही ‘विंटर’ आणि ‘सेल’ डोकावत राहतात. रंग, कापड, ऋतू ही माहिती भाषांतर होऊ शकणाऱ्या रकान्यांत ठेवावी.

रंगांचे प्रकरण मराठी माणसाला चटकन कळेल. इंग्रजीत ‘ब्लॅक’ हा शब्द कोटालाही चालतो, ड्रेसलाही. आपल्याकडे कोट काळा, साडी काळी, जॅकेट काळे. फ्रेंचमध्येही तसेच. मांतो म्हणजे कोट पुल्लिंगी, रोब म्हणजे झगा स्त्रीलिंगी, आणि पांढऱ्या रंगाचा शब्द कोटाला ‘ब्लाँ’ तर झग्याला ‘ब्लाँश’. रंगाचे नाव आणि वस्तूचे नाव जोडून शीर्षक तयार करणारा आयता साचा इथे फसतो. रंग वेगळ्या ओळीत लिहायचा किंवा शीर्षके हाताने लिहायची, एवढाच इलाज. संख्येचीही अशीच खोच आहे. पिशवी रिकामी असेल तर इंग्रजीत शून्यापुढे अनेकवचन येते, फ्रेंचमध्ये एकवचन.

मापे तर रोजची भानगड. स्मॉल, मीडियम, लार्जच्या जागी तिथे पती, म्वायँ, ग्राँ. इंग्रजी ‘एल’ म्हणजे फ्रेंच ‘जी’. म्हणून कॅनडात अनेक कपड्यांच्या लेबलवर दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी असतात. कापडात कोणता धागा किती टक्के, हे तर देशभर लागू असलेल्या केंद्रीय कायद्यानुसार दोन्ही भाषांत लिहावे लागते. लेबल दोन भाषांत शिवून घेणारा ब्रँड वेबसाइटवर मात्र एकाच भाषेत लिहितो, तेव्हा तो आळस असतो, बाकी काही नाही.

फ्रेंच मजकूर जागाही जास्त खातो. ‘अ‍ॅड टू कार्ट’ रोमन लिपीत मोकळ्या जागांसह ११ अक्षरांत आटोपते, त्याचे ‘आझुते ओ पानिए’ १७ अक्षरे घेते. ‘चेकआउट’ची ८ अक्षरे, पण ‘पासे आ ला केस’ची १८. इंग्रजी मजकूर टाकून बेतलेले बटण मोबाइलवर फाटते. डिझायनरला पहिला आराखडाच फ्रेंच मजकूर घालून करायला सांगितला, तर लांबलचक शब्द बसतात आणि इंग्रजी त्यात आरामात मावते. किमतीचे लेखनही उलटे: इंग्रजीत $४९.९५, फ्रेंचमध्ये ४९,९५ $. दशांशाला स्वल्पविराम, डॉलरचे चिन्ह शेवटी, आणि मध्ये न तुटणारी मोकळी जागा. साधी जागा सोडली तर अरुंद पडद्यावर डॉलर एकटाच खालच्या ओळीत जाऊन बसतो. पॅरिसवाले उद्गारचिन्हाच्या आणि प्रश्नचिन्हाच्या आधीही जागा सोडतात, क्वेबेकवाले सोडत नाहीत.

पॅरिसचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगायला हवे की तिथली फ्रेंच उचलून मॉन्ट्रियलला चालत नाही. पॅरिसमध्ये फॅशनवाले खुशाल ‘शॉपिंग’ म्हणतात, क्वेबेकमध्ये ‘मागाझिने’. ईमेलला ‘कुरियेल’, स्वेटरला ‘शांदाय’, लोकरी टोपीला ‘त्यूक’. ‘मितेन’ हा शब्द दोन्हीकडे आहे, पण फ्रान्समध्ये त्याचा अर्थ बोटे उघडी ठेवणारे हातमोजे आणि क्वेबेकमध्ये चारही बोटे एकत्र झाकणारे ऊबदार हातमोजे. उणे वीस अंशांच्या थंडीत हा फरक परताव्याच्या अर्जावर उमटतो. शंका आली तर क्वेबेकच्या फ्रेंच भाषा कार्यालयाचा भलामोठा परिभाषाकोश इंटरनेटवर मोफत आहे.

भाषा बदलायच्या बटणावर फ्रान्सचा झेंडा लावण्याचा मोह टाळावा; क्वेबेकमध्ये तो परका झेंडा आहे. भाषेचे नाव किंवा तिची दोन अक्षरे पुरतात. बटण दाबल्यावर ग्राहक त्याच कोटाच्या पानावर राहिला पाहिजे. त्याला मुख्यपृष्ठावर फेकून देणारी दुकाने पाहिली की राग येतो. प्रत्येक पानाने आपल्या दुसऱ्या भाषेतल्या जोडीदाराचा पत्ता शोधयंत्राला सांगायचा असतो. त्यासाठीची ‘एचरेफलँग’ ही खूण गूगलने २०११ मध्ये आणली. ब्राउझरची भाषा पाहून माणसाला परस्पर दुसऱ्या आवृत्तीत ढकलू नये, असे गूगलच सुचवते. आणि बाहेरून जोडलेली अ‍ॅप्स, म्हणजे ग्राहकांची मते, गिफ्ट कार्ड, ‘थांबा, दहा टक्के सूट घ्या’ म्हणत उडी मारणारी चौकट, प्रत्येक अ‍ॅप फ्रेंच बोलते का हे विकत घेण्याआधीच तपासावे.

हे सारे नको म्हणून काही परदेशी ब्रँडनी क्वेबेकच्या ग्राहकांसाठी आपली वेबसाइटच बंद केली होती. क्वेबेक शहरात १८४० पासून चालत आलेले सिमन्स हे दुकान मात्र ऑनलाइनही दोन्ही भाषांत कपडे विकते. छोट्या ब्रँडला खर्च जड जातो हे खरे, पण मजकूर एकदा नीट लिहिला की दर हंगामात भर फक्त नव्या मालाची पडते.

महाराष्ट्रात २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा बरीच चर्चा झाली. ती पाटीपाशीच थांबली. पैठणी, खण, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या आपल्या दुकानांत ‘पिशवीत टाका’ असे मराठी बटण शोधून पाहा. कायद्याने सांगेपर्यंत थांबायची काही गरज नाही.

आणि पुण्या-मुंबईत परदेशी ब्रँडसाठी दुकाने बांधून देणाऱ्या मंडळींना एक सांगणे. मॉन्ट्रियलहून काम आले, तर कोटेशन पाठवण्याआधी एवढेच विचारा: फ्रेंच मजकूर कोण लिहिणार आणि तो कोणत्या तारखेला हातात येणार? ‘शेवटी गूगलवर टाकून घेऊ’ असे उत्तर आले, तर कोटेशनमध्ये दुसऱ्यांदा बांधायचा खर्चही धरा.