आठ अर्ध्या चिप्स

आल्टेअर, ॲपल टू, पेट, टीआरएस-८० ही १९७५ ते १९७७ची वंशावळ वाचकांना पाठ असणार. ती पुन्हा उगाळत नाही. माझा जीव अडकलाय केंब्रिजच्या सिंक्लेअरमध्ये.

१९८१चा झेडएक्स८१ अवघ्या एक किलोबाइट मेमरीचा. जास्त हवी तर मागच्या बाजूला १६ किलोबाइटचा रॅम पॅक खोचायचा. तासभर बसून प्रोग्राम टाइप करावा आणि टेबलाला जरासा धक्का लागून तो पॅक हलला, की सगळं मुसळ केरात. पॅक हलू नये म्हणून चिकटपट्टीपासून पुठ्ठ्याच्या पाचरीपर्यंत सगळे उपाय होत.

एप्रिल १९८२मध्ये स्पेक्ट्रम आला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८चा १७५ला. आमच्यातले काही विद्वान त्याला अजून खेळणं म्हणतात. आक्षेप ठरलेला: नायक झाडाजवळ गेला की झाडाच्या रंगाचा होतो. होतो ना! चित्राच्या ठिपक्यांना ६,१४४ बाइट लागत. रंग मात्र आठ बाय आठच्या चौकटीला एकच बाइट, म्हणजे एका चौकटीत दोनच रंग. एकूण ७६८ बाइट. ठिपक्यागणिक रंग दिला असता तर खेळ ठेवायचा कुठे?

खरी गंमत झाकणाखाली. ४८च्या मॉडेलमधली वरची ३२ किलोबाइट मेमरी बनली होती चाचणीत अर्ध्या नापास झालेल्या ६४ किलोबिटच्या चिप्समधून. किडका भाग कापून आंबा खावा, तसा हा व्यवहार. कुठला अर्धा धड, ते चिपवरच्या खुणेवरून कळे. आठही चिप्स एकाच जातीच्या घ्यायच्या आणि बोर्डावर तारेचा छोटा तुकडा त्याप्रमाणे जोडायचा. कोणी याला चालूपणा म्हणतं; मी याला अक्कल म्हणतो. खालच्या १६ किलोबाइटच्या चिप्स मात्र नखरेल. त्यांना +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागत, आणि उणे पाच गेलं की त्या जळून जात.

कमोडोर ६४चा आवाज सरस होता, मान्य. अमिगावर ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहावं. आपल्याकडे डेसिबेल्सने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला. शाळांत मात्र १९८४च्या क्लास प्रकल्पातून बीबीसी मायक्रो शिरला.

कॅसेट चढवणं हा तर कानांचा रियाज. आधी एकसुरी शिट्टी आणि कडेला लाल-आकाशी पट्टे, मग निळ्या-पिवळ्यांची खरखर. आवाज बोदा वाटला की बारीक स्क्रूड्रायव्हरने टेपचं हेड किंचित फिरवायचं. आता एम्युलेटरवर खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतो, आणि संग्राहक म्हणवणारे जुन्या आठही चिप्स उपटून एक नवी पट्टी बसवतात. शेजारच्या तारेचा तो तुकडा कशासाठी होता, असं विचारलं तर तोंडाकडे बघत राहतात.