कुणाच्या म्हणजे कुणाच्या?

आजचा विषय आहे श्रद्धेची थट्टा आणि त्या थट्टेनंतरची माफी. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मागच्या उन्हाळ्यात एका मित्राकडे शनिवारी पॉटलक होतं. बेसमेंटमध्ये वीस-पंचवीस माणसं आणि मुलांचा दंगा. सुनेच्या बाळंतपणासाठी मित्राची आई सांगलीहून आली होती. काकूंचा शनिवारचा उपास, म्हणून त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन एका बाजूला बसल्या होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "काकू, इथला शनिवार साडेनऊ तास उशिरा येतो. तिकडे मारुतीरायाचा रविवार उजाडलासुद्धा. तुमचा उपास बाद!"

हशा पिकला. काकूही हसल्या. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि हळूच वर निघून गेल्या. त्यांच्या धाकट्या भावाची बायपास झाली होती आणि त्यांना तिकडे जाता येत नव्हतं. तो उपास भावासाठी होता. हे मला मित्राकडून दुसऱ्या दिवशी कळलं. मी लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "काल माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे." खाली हात जोडल्याची चित्रं. चार-पाच जणांनी अंगठे दाखवले. संध्याकाळी काकूंचा फक्त मला निरोप आला: "कुणाच्या म्हणजे कुणाच्या? उपास तर माझा एकटीचाच होता."

मंडळी, माझं ते वाक्य तुम्हीही कधीतरी लिहिलं असेल. ते जरा उकलून बघा. "कुणाच्या" म्हटलं की समोरचं माणूसच नाहीसं होतं. "असतील तर" म्हटलं की ते खरंच दुखावलं का, याचीच शंका घेतली जाते. "भावना दुखावल्या" म्हटलं की दोष माझ्या बोलण्यातून निघून त्यांच्या हळव्या मनावर जातो. आणि "दिलगीर आहे" म्हटलं की गोष्ट माझ्यापाशीच संपते. आपल्या भाषेत दिलगिरी व्यक्त करतात, पण माफी मागतात. मागितलेली गोष्ट द्यायची की नाही, हे समोरचा ठरवतो. दिलगिरीत त्याच्याकडे काही मागावंच लागत नाही.

मोठ्या माणसांचंही वेगळं नसतं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीला एआयबी या विनोदी मंडळींचा 'रोस्ट'चा कार्यक्रम झाला. जानेवारीत त्याचं चित्रण यूट्यूबवर आलं, वादळ उठलं, तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते काढून घेतलं गेलं. त्यात ख्रिस्ती धर्मावरही विनोद होते. त्याबद्दल या मंडळींनी मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांना भेटून बिनशर्त माफी मागितली.

पाच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, फराह खान यांच्या एका कार्यक्रमात 'हालेलुया' या शब्दावरून हशा झाला. हा मूळ हिब्रू शब्द, अर्थ 'देवाची स्तुती करा'. पंजाबात अमृतसरकडे आणि आपल्या बीडमध्येही फराह खान, रवीना टंडन आणि भारती सिंग यांच्यावर गुन्हे दाखल झाले. रवीना टंडन यांनी जाहीर माफी मागताना लिहिलं ते साधारण असं: कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, पण तसं झालं असेल तर मनापासून माफी. तेच आपलं "असेल तर"! पुढे त्या आणि फराह खान कार्डिनल ग्रेशस यांना प्रत्यक्ष भेटल्या, आणि वाद इथेच संपवावा असं आवाहन कार्डिनलनी केलं.

या माफ्या खऱ्या की खोट्या, हे तुम्ही-आम्ही ठरवू शकत नाही. कारण मागे कायदा उभा होता. भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धर्मश्रद्धेचा अपमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम १९२७ चं. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. पोलीस दारात असताना मागितलेल्या माफीत पश्चात्ताप किती आणि भीती किती, हे मागणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता आपल्या गावाकडे या. ईश्वरनिंदेचा गुन्हा कॅनडाच्या फौजदारी कायद्यातही होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो रद्द झाला. आणि ऑन्टारियोत तर २००९ पासून खास माफीचा कायदा आहे. त्याचा गाभा असा: तुम्ही माफी मागितलीत म्हणून दिवाणी दाव्यात ती दोषाची कबुली धरली जात नाही. 'सॉरी' म्हणताना लोकांनी वकिलाला घाबरू नये, हा हेतू. पण त्या कायद्यातली माफीची व्याख्या ऐका: चूक कबूल करा किंवा करू नका, नुसती हळहळ व्यक्त केलीत तरी ती माफी. म्हणजे माझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप ऑन्टारियोच्या कायद्यात चालला असता. काकूंना चालला नाही.

मग श्रद्धेवर विनोद करूच नये का? असं म्हटलं तर निम्मं मराठी वाङ्मय बाजूला ठेवावं लागेल. आपली म्हणच आहे, "एकादशी, दुप्पट खाशी". अत्र्यांनी 'बुवा तेथे बाया' नाटकात ढोंगी बुवाला रंगमंचावर उघडा पाडला. आणि सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात हिंदू आणि मुसलमान एकमेकांच्या देवाची, ग्रंथांची, आचारांची यथेच्छ खिल्ली उडवतात. कुणीच कुणाला सोडत नाही. शेवटी मात्र दोघं एकमेकांना आलिंगन देतात.

फरक कुठे आहे? नाथांच्या संवादात दोघं समोरासमोर आहेत आणि दोघांनाही उत्तर देता येतं. अत्र्यांचा बुवा लोकांना फसवणारा, वरचढ माणूस आहे. माझ्या विनोदात काकू परक्या देशात, परक्या घोळक्यात एकट्या होत्या आणि मी पंचवीस जणांना बरोबर घेऊन हसत होतो. उलट बोलल्या असत्या तर "अहो, गंमत केली" हे उत्तर तयारच होतं.

आपल्या मार्कहॅममध्ये वुडबाईन अव्हेन्यूवर सनातन मंदिर आहे. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे येऊन गेले ते, स्लोव्हाक कॅथलिकांचं कॅथेड्रल म्हणून बांधलेलं चर्चही इथेच आहे. मशिदी आहेत, तमिळ आणि चिनी शेजारी आहेत. तेव्हा मुलं घरात शेजाऱ्यांच्या उपासांची, प्रार्थनांची थट्टा ऐकतात, तशी ती शाळेत आपल्या टिळ्याची, गणपतीची थट्टाही ऐकतात. सोसताना आणि करताना कसं वागायचं, हे ती आपल्याकडे बघूनच शिकणार.

माफी मागायची वेळ आली तर एवढं करा. ज्याला लागलं त्याचं नाव घेऊन बोला. आपण काय बोललो ते जसंच्या तसं सांगा. "पण" आणि "जर" वगळा. थट्टा चारचौघांत केली असेल तर माफीही चारचौघांत मागा. आणि ती मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नका.

मी पुढच्या शनिवारी मुलीला घेऊन काकूंकडे गेलो, कारण तिनंही तो विनोद ऐकला होता. म्हणालो, "काकू, मी तुमचा उपास बाद म्हणालो. चुकलो. माफ करा." काकू म्हणाल्या, "विनोद वाईट नव्हता रे. सगळे माझ्याकडे वळून हसले, ते लागलं." माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या मुलीच्या हातात खिचडीची बशी दिली आणि भावाचा फोन आला होता, आता तो घरातल्या घरात चालतो, हे तिला सांगत बसल्या. त्यानंतरच्या पॉटलकला मी तेच शब्द सगळ्यांसमोर पुन्हा म्हणालो. त्या वेळी कुणी हसलं नाही.

तुमच्याही फोनमध्ये "कुणाच्या" असं लिहिलेला एखादा जुना निरोप असेल. त्या जागी कुणाचं नाव हवं होतं ते आठवा, आणि जमलं तर आजच त्या माणसाला फोन करा. पुन्हा भेटूच. नमस्कार.