दुमडपट्टीची साठ वर्षं

तासगावात थंडी ती किती! दिवाळी सरली की पहाटे अंगावर काटा, संक्रांत उलटली की दुपारी पंखा. त्या मधल्या दिवसांतही गावाचा जीव स्वेटरपेक्षा द्राक्षांच्या मण्यांत अडकलेला. पारा उतरला की मण्यांची फुगवण थांबते. अशा गावात लोकरीचं विणकाम टिकलं ते थंडीपोटी नव्हे, बाळंतविड्यापोटी. आणि बाळंतविड्यातल्या स्वेटराची परीक्षा पुढून व्हायचीच नाही. आलेली बाई तो आधी उलटा करायची आणि खालची दुमडलेली पट्टी बघायची.

लोकर या मुलखाला परकी नाही. जत-आटपाडीकडच्या मेंढ्या आणि घोंगडी पिढ्यान्‌पिढ्यांची. पण घोंगडी मागावरची. दोन सुयांचं विणकाम आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांतून आलं, तिथून मुलींच्या हस्तव्यवसायाच्या तासात शिरलं आणि मग माजघरात. 1930 साली शंकरराव किर्लोस्करांनी इथून जवळच्या किर्लोस्करवाडीतून ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. वाचणारी, चार बायकांत बसून नवं काही शिकणारी गृहिणी या भागात दुर्मीळ राहिली नाही, त्यात अशा मासिकांचा वाटा मोठा.

मी ज्या काळाचा मागोवा घेतोय तो मात्र 1960 नंतरचा. त्याच वर्षी आमच्या दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. दोनच वर्षांनी चीनचं युद्ध आलं, याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. जवानाच्या स्वेटराला खाली आणि मनगटाला ‘एक सुलट एक उलट’ अशी ताणणारी बॉर्डर लागते. घरात विणले जायचे ते बाळाचे कपडे, त्यांना दुमडपट्टी. एकाच बाईच्या हातात दोन्ही काठ आले ते तेव्हा.

दुमडपट्टी लागते कशाला? एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट अशी साधी वीण केली की खालची कड वर गुंडाळते आणि बाजू आत वळतात. टाक्याची पाठ आणि पोट सारखी जागा घेत नाहीत, हे त्याचं कारण. कड सपाट राहायची तर बॉर्डर घाला, नाहीतर दुमडा. दुमडीचा फायदा असा की आत बोगदा तयार होतो आणि त्यातून नाडी ओवता येते. टोपड्याला, लेंग्याला, गळ्याला तेच तर हवं असतं.

आमच्या घरी, गणेशोत्सवात गावच्या गणपतीचा रथ ओढून झाला की लोकरीचा विषय निघे. आत्याची रीत शिवणाची होती. आधी अख्खा स्वेटर विणायचा, मग ब्लाऊजला करतात तसं काठ आत दुमडून सुईदोऱ्याने हेमिंग. दिसायला सुबक, पण दोरा जरा ओढला गेला की बाहेरून खोबण दिसायची आणि बाळाच्या डोक्यातून गळा उतरवताना दोरा काडकन तुटायचा. “आतलं टाकं भायेर दिसाय नकोत,” एवढाच तिचा नियम. ताणाचा विचार त्या पिढीने फारसा केला नाही, असं माझं मत.

पुढच्या पिढीने काठ विणूनच जोडायला सुरुवात केली. टाके घालायचे 12 नंबरच्या सुईवर. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, आकडा मोठा तितकी सुई बारीक. 12 म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन. बारीक सुईवर आठ सुया सुलट-उलट विणायच्या. हा भाग आत जाणार, म्हणून तो अंमळ आवळच हवा, नाहीतर पट्टी बाहेरच्या अंगाला फुगते. मग सुलट बाजूने एक सुई पूर्ण उलट. तिची बारीक उठावदार रेघ उमटते आणि काठ बरोबर तिथेच मोडतो. बाळाच्या स्वेटराला रेघेऐवजी जाळी: धागा पुढे, दोन टाक्यांचा एक, पुन्हा धागा पुढे, पुन्हा दोहोंचा एक. दुमडल्यावर त्या भोकांचे दाते होतात. त्यानंतर 10 नंबरवर तितक्याच सुया, आणि जोडणी. सुईवरचा पहिला टाका आणि अगदी सुरुवातीच्या कडेचा पहिला फास मिळून एक टाका विणायचा, असं टोकापर्यंत. मध्ये एक फास हुकला की पुढची सगळी पट्टी तिरकी, आणि ते कळतं शेवटच्या टाक्याला!

याच सुमारास, 1971 साली, अमेरिकेत एलिझाबेथ झिमरमन यांचं ‘निटिंग विदाउट टीअर्स’ आलं. त्यांचा सल्ला उलट दिशेचा: आधी कपडा विणा, मग कडेचे टाके उचलून आतली पट्टी विणा, त्यातले दहा टक्के टाके कमी करा आणि शेवटी टाके बंद न करता सैल हाताने टाचा. आत्याची शिलाई त्यांना पसंत पडली असती, फक्त हात सैल सोडायला सांगितला असता.

ऐंशीच्या दशकात लुधियानाचे तयार स्वेटर, अ‍ॅक्रिलिकचे गुंडे आणि हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक आले आणि बॉर्डरने दुमडपट्टीला मागे सारलं. शाळेच्या स्वेटराला बॉर्डरच योग्य, यात वाद नाही. पण बाळाच्या गुबगुबीत मनगटावर ती वळ उठवते, तरी तिथेही तीच. अ‍ॅक्रिलिकची दुमड नीट बसतही नाही. इस्त्रीचा चटका लागला की धाग्यातला जीवच जातो. नव्वदनंतर बाळंतविडाही दुकानातून आयता यायला लागला, तेव्हा उरल्यासुरल्या सुया ट्रंकेत गेल्या.

त्या बाहेर निघाल्या यूट्यूबमुळे, 2020 च्या टाळेबंदीत तर जास्तच. मुली आता वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्यावर टाके घालतात. जोडताना तो धागा उसवला की मोकळे टाके हातात येतात, फास शोधत बसावं लागत नाही. आत्याच्या वेळी ही युक्ती कुणी दाखवली असती तर तिने शिवणाचा हट्ट सोडला असता.

सध्या घरोघर सुती धागा चालतो. आपल्या हवेला तोच बरा. सुताला लोकरीची लवचीकता नाही, म्हणून सुती बॉर्डर दोन-चार धुण्यांत ढिली पडून लोंबते. दुमडपट्टी आकार धरते. फक्त दुहेरी सूत जड होतं, तेव्हा आतली बाजू एका पदराने कमी असलेल्या धाग्याने विणावी आणि आठऐवजी पाच-सहा सुयांवर थांबावं.