पोलादही थकते!

बैलगाडीच्या आसाला वंगण का घालतात, हे सिरसाळ्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. वंगणाविना आस झिजतो, असे तो सांगेल. पिस्तुलाचेही असेच आहे.

पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार होणारे ९ मिलिमीटरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल घ्या. गोळी सुटताना त्याच्या नळीत हवेच्या दाबाच्या सुमारे २,००० पट दाब निर्माण होतो. त्या धक्क्याने ‘स्लाइड’ हा वरचा भाग मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर पडते. मग दबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते व नवे काडतूस नळीत बसते. म्हणजे प्रत्येक गोळीमागे घासणेही आले आणि दबणेही!

घासणारे भाग तेलामुळे कमी झिजतात. पण दबणाऱ्या स्प्रिंगचे काय? एक बारीक तार पुन्हा पुन्हा पुढेमागे वाकवून पाहा. एकदा वाकवून न तुटणारी तार थोड्याच वेळात तुटते! हा धातूचा थकवा. स्प्रिंगही हजारो वेळा दबून अशीच थकते. मग स्लाइड नीट पुढे येत नाही आणि ऐन वेळी पिस्तूल अडते.

म्हणूनच किती गोळ्या झाडल्या याची नोंद ठेवून स्प्रिंग तुटण्याआधीच बदलतात. यंत्राचे वय नुसत्या वर्षांत मोजू नये. ते किती वेळा चालले, हेही पाहावे!