अडकित्ता, बटवा आणि पाच हजार फूट पाणी

मंडळाच्या गणपतीला कागदी ताटलीतला मसालेभात सांभाळत कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही ऑइलमध्ये ना? म्हणजे नक्की काय करता?" डॉक्टरला हा प्रश्न कुणी विचारत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला विचारायची गरज नसते. आम्ही मात्र दरवर्षी अडखळतो आणि दरवर्षी वेगळं उत्तर देतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

आम्ही म्हणजे ह्यूस्टनच्या केटी फ्रीवेवरून बरीच वर्षं एका गाडीतून कामाला जाणारे चौघं. एक व्हीजेटीआयचे, एक सांगलीच्या वालचंदचे, दोघं पुण्याचे (त्यातल्या एक बाई, आणि गाडी बहुतेक त्याच चालवायच्या). चौघांच्या कंपन्या वेगळ्या, काम एकाच जातीचं: समुद्राच्या तळाशी, तेलविहिरीच्या तोंडावर बसवायच्या यंत्रांची कॉम्प्युटरवर हुबेहूब प्रतिकृती करणं. धंद्यात याला नुसतं 'मॉडेल' म्हणतात.

या यंत्रांतलं सगळ्यांत मोठं म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, ऊर्फ बीओपी. जमिनीखालचा वायू आणि तेल दाबाने उसळून वर येऊ लागलं तर विहिरीचं तोंड बंद करणारं यंत्र. याचा जन्म आपल्या ह्यूस्टनचाच. १९२२ साली जेम्स अबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी कॅमेरॉनच्या वर्कशॉपमध्ये ते घडवलं. पहिलं चित्र म्हणे जमिनीवरच्या लाकडाच्या भुशात बोटाने काढलं होतं. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. त्या भुशाच्या चित्राला ना पासवर्ड होता, ना ते मध्येच हँग व्हायचं.

आता हे यंत्र कसं चालतं ते आजीची चंची समोर ठेवून सांगतो. चंचीत एक बटवा असतो, नाडी ओढली की तोंड चारी बाजूंनी आवळून येतं. बीओपीत वर असतो तसाच जाड रबराचा एक वेटोळा. तो पाइपाभोवती आवळून बसतो. चंचीत दुसरा असतो अडकित्ता. बीओपीतही तो आहे, नाव 'ब्लाइंड शिअर रॅम'. दोन बाजूंनी दोन पाती हायड्रॉलिक दाबाने आत सरकतात, मधला पोलादी पाइप कचकन कापतात आणि विहीर बंद करतात. हा शेवटचा उपाय. खोल पाण्यातला असा अख्खा सांगाडा पाच मजल्यांएवढा उंच आणि साडेतीनशे-चारशे टन वजनाचा असतो.

आपल्याकडे १९७४ साली 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायला तेल लावलं तेव्हा पाण्याची खोली होती पाऊणशे मीटरच्या आसपास. पाय तळावर रोवून उभा राहणारा तो रिग. तिथे बीओपी डेकखालीच असतो, जिना उतरून गेलं की हात लावता येतो. मेक्सिकोच्या आखातात पाच हजार फूट खाली तसं नाही. दर चौरस इंचावर जवळपास एक टन दाब, मिट्ट काळोख, फ्रिजमधल्यासारखं थंड पाणी. पाणबुड्या माणूस हजार फुटांपलीकडे सहसा कामाला जात नाही. जातो तो यांत्रिक हातांचा रोबो, वायरच्या टोकाला. म्हणजे त्या यंत्रात माणसाला डोकं घालून बघता येईल अशी जागा एकच उरते, आमचा स्क्रीन.

आमच्यातल्या दोघांनी सुरुवात ड्रॉइंग बोर्डवर केली. टी-स्क्वेअर, रोट्रिंगचं पेन आणि चुकलं की ब्लेडने खरवडणं. नंतर कॉम्प्युटर आला तरी आधी चित्र सपाटच होतं. खरी गंमत आली ती तिन्ही बाजूंनी फिरवता येणारं मॉडेल आल्यावर. एक आकार रेखायचा, तो ओढून जाड करायचा, भोक पाडायचं, कडा मारायच्या, त्यावर मटेरियल चढवायचं की वजन आपोआप कळतं. असे हजारो भाग एकमेकांत बसवायचे. बोल्टचे आटे कुणी काढत नाही, नाहीतर फाइल उघडेपर्यंत दोन चहा होतात. मग तपासायचं: कुठे पोलाद पोलादात घुसतंय का, रोबोचा हात खटक्यापर्यंत पोचतो का. एकदा आमच्याच एका मॉडेलमध्ये रबरी नळी नेमकी त्या खटक्यावरून आडवी गेली होती. बघताना लक्षात आलं म्हणून बरं. पाण्यात उतरल्यावर कळलं असतं तर काय, ते आम्ही बायको-मुलांनाही सांगितलेलं नाही.

आमच्यातल्या एकाची आई साताऱ्याहून आली होती. तिने स्क्रीनवर हे सगळं फिरताना पाहिलं आणि म्हणाली, "एवढं बारीक कशाला करता रे? तळाशीच तर जाणार. कोण बघणारे तिथे?"

असो. २० एप्रिल २०१०, मंगळवार. रात्री दहाच्या सुमारास 'डीपवॉटर होरायझन' रिगवर स्फोट झाला. १२६ माणसं होती, ११ गेली. दोन दिवसांनी रिग बुडाला. विहीर वाहायची थांबली ती १५ जुलैला, ८७ दिवसांनी. खाली समुद्रतळावरचा अडकित्ता चालूनही विहीर बंद झाली नव्हती. त्या दिवसांत आमच्या गाडीत रेडिओ चालू असे आणि कुणी काही बोलत नसे. ते यंत्र आमच्यापैकी कुणाच्या हातचं नव्हतं. पण तसली पाती मात्र आमच्यातल्या एकाने दुसरीकडे काढलेली होती.

सप्टेंबरमध्ये तो बीओपी वर काढला आणि न्यू ऑर्लिन्सजवळ नासाच्या मिशूच्या शेडमध्ये नेऊन खोलला. नॉर्वेच्या डेट नॉर्स्के व्हेरिटास संस्थेने तपास केला. कापलेल्या पाइपाचे तुकडे आणि झिजलेली पाती लेझरने स्कॅन करून कॉम्प्युटरवर पुन्हा उभी केली. म्हणजे आमचंच काम, फक्त उलट्या दिशेने. त्यांनी पाइप दोन तऱ्हांनी कापून पाहिला. मधोमध ठेवला तर कापला गेला. एका बाजूला भिंतीला टेकवून ठेवला तेव्हा मात्र चेपला, अर्धवट चिरला आणि वर आलेल्या तुकड्यांसारखाच दिसला. मार्च २०११ च्या अहवालात म्हटलं होतं की पाइप वाकून कडेला गेला होता, पात्याच्या टप्प्याबाहेर. पावणेएकोणीस इंचाच्या भोकात साडेपाच इंचाचा पाइप, सरकायला जागा भरपूर. सुपारी अडकित्त्यातून निसटते तशी निसटली. केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१४ साली आणखी खोलात जाऊन पाइप का वाकला ते मांडलं, आणि कंट्रोल पॉडमधल्या वायरिंगचे दोषही दाखवले. कारणं अनेक होती, सगळा दोष पात्याचा नव्हे.

तरी तो अहवाल वाचून आमचे ते मित्र त्या आठवड्यात जेवायला बसले तरी गप्पच. आमच्या मॉडेलमध्ये पाइप भोकात बसवताना एक बटण असतं, 'कॉन्सेंट्रिक'. दाबलं की पाइप बरोब्बर मधोमध. वर्षानुवर्षं सगळ्यांनी तेच दाबलेलं. "मी कधी विचारच केला नाही," ते म्हणाले, "पाइपाला वाकायला कुणाची परवानगी लागत नाही." त्यांच्या पत्नीने ताटात आमटी वाढली आणि त्या काही बोलल्या नाहीत. पाती पाइपाला आधी मध्यावर आणतील आणि मग कापतील, ही अट सरकारच्या नियमांत आली २०१६ साली.

आता आमची गाडी मोडली. तेलाचा भाव पडला की ह्यूस्टनमध्ये माणसं घरी बसतात, हे काही नवं नाही. २०१५ मध्ये एक जण गेले, २०२० मध्ये आणखी एक. त्या वर्षी तेलाचा भाव शून्याखाली गेला तो दिवसही २० एप्रिलच होता, याची आठवण आम्हाला आमच्या बाईंनी करून दिली. ज्यांना कुतूहल असेल त्यांनी गॅल्व्हेस्टनला जाल तेव्हा धक्क्यावरचा 'ओशन स्टार' पाहून यावा. खरा जुना रिग आहे, १९९७ पासून म्युझियम झालाय. मुलांना समुद्रकिनाऱ्यापेक्षा तोच जास्त आवडतो असा आमचा अनुभव.

आम्ही उरलेले दोघं अजून काम करतो. बराचसा भाग पुण्याच्या ऑफिसातली पोरं करतात, रात्री नऊला त्यांच्याशी फोन. चलाख आहेत, आमच्या दुप्पट वेगाने मॉडेल काढतात. परवा एकाने पात्यांची फाइल पाठवली, झक्क होती. आम्ही विचारलं, "पाइप भिंतीला टेकवून पाहिलास का रे?"

"सर, तो तिथे कसा जाईल?"

मग त्याला ती सगळी गोष्ट सांगितली. फोन संपला तेव्हा इकडे साडेदहा वाजून गेले होते.