मन रुतलं, तर हाक मारा

चिखलात गाडी रुतली की जाणता शेतकरी बैलांना मारीत बसत नाही. आधी ओझं उतरवतो, चाकाखाली दगड घालतो, मग खांदा लावायला चार माणसं बोलावतो. मन रुतलं की मात्र आपण उलटं करतो. स्वतःलाच बोल लावतो आणि कुणाला हाक मारीत नाही.

नापिकी, कर्ज, पडलेले भाव, भाऊबंदकी; माणूस कशानेही अडकतो. झोप उडते, घास उतरत नाही, शेताकडे पाय वळत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं, तर तो आळस नव्हे की बाहेरची बाधा नव्हे. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपाय आहे.

समुपदेशन म्हणजे काय?

समुपदेशन म्हणजे ठरवून, ठरावीक दिवशी, बोलण्यातून केलेला उपचार. समुपदेशक उपदेश करत नाही. आधी ऐकून घेतो. मग आपल्या हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय, याची वाटणी करायला लावतो. पाऊस हाताबाहेर आहे. बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करणं हातात आहे. "मन लागलं की काम करू," असं आपण म्हणतो. इथे आधी लहानसं काम ठरतं: सकाळी बांधावर चक्कर, मित्राकडे चहा. काम सुरू झालं की मन मागून येतं.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच करून पाहिलं गेलं. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम राबवला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी शंभरातले ६४ जण नैराश्यातून बाहेर आले. फक्त दवाखान्याचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाचे कार्यकर्ते गावातच पोचले. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे शेकडा ४ होते, ते १८ महिन्यांत २७ झाले.

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, कापसाला भावही मिळत नाही. ती लढाई वेगळी. पण ती लढायला माणूस उभा राहतो. काहींना जोडीला गोळ्याही लागतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

गावाने काय करावं?

पंचनाम्याला किंवा वसुलीला जाणाऱ्यांनी घरातला माणूस गप्प झालाय का, हे पाहावं. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई यांनी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोलीस केसच्या भीतीने थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत, फुकट बोलता येतं. हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा.