पुली बदलली, की काय काय बदलते?

दसरा जवळ आला, की हट्ट्याच्या शिवारात सोयाबीनच्या काढणीची घाई सुरू होते. हट्टा हे वसमत तालुक्यातले गाव. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. अशाच एका हंगामात तिथल्या नातेवाइकांच्या अंगणात मळणी यंत्राची एक पुली उतरवून तिच्या जागी मोठी पुली बसवण्याचे काम चालले होते. बारावीत शिकणारी त्यांची मुलगी पाने हातात देत होती. तिने मला विचारले, "काका, मोटर तीच, ड्रम तोच. नुसते एक चाक मोठे केल्याने बियाणे कसे काय सुधारेल?"

प्रश्न रास्त होता. आदल्या वर्षी गव्हासाठी लावलेल्या पुलीवरच सोयाबीन मळले गेले होते. पेरणीपूर्वी घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले, तर निम्मेच उगवले. ऐन जूनमध्ये पैसे उभे करून बियाणे विकत आणावे लागले. २०२० च्या खरिपात तर सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यात गावोगावी झाल्या होत्या. उगवण बिघडण्याची कारणे अनेक असतात. काढणीच्या वेळी आलेला पाऊस हे एक, चुकीची साठवण हे दुसरे. पण मळणीतला मार हे कारण शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातातले आहे, आणि ते दूर करण्याचे साधन म्हणजे ही पुली.

आधी साधे गणित पाहू. दोन पुल्यांवरून एकच पट्टा फिरतो. पट्टा घसरत नसेल, तर एका सेकंदात पट्ट्याची जेवढी लांबी पहिल्या पुलीवरून सरकते, तेवढीच दुसरीवरूनही सरकते. म्हणून लहान पुलीला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि मोठीला कमी. सूत्र असे :

मोटरचे फेरे × मोटरच्या पुलीचा व्यास = ड्रमचे फेरे × ड्रमच्या पुलीचा व्यास

शेतावरच्या नेहमीच्या मोटरचे भारासह मिनिटाला सुमारे १४४० फेरे होतात. तिच्यावर ५ इंची आणि ड्रमवर १२ इंची पुली असेल, तर ड्रमचे फेरे ६०० होतील. ड्रमवर १८ इंची पुली बसवली, की ते ४०० वर येतील. प्रत्यक्षात पट्टा थोडा घसरतो, म्हणून फेरे दोन-तीन टक्के कमीच भरतात.

मग मोटरवरचीच पुली लहान का करू नये? ४०० फेऱ्यांसाठी ती सव्वातीन इंचांच्या आसपास घ्यावी लागेल. इतक्या लहान पुलीवर पट्टा फार वाकतो, तिच्याभोवती त्याचा वेढा कमी पडतो आणि तो घसरून तापतो. म्हणून मोठी पुली आणखी मोठी करणेच बरे.

फेरे ६०० वरून ४०० वर आले, म्हणजे एकतृतीयांश कमी झाले. दाण्याला बसणारा मार मात्र एकतृतीयांशापेक्षा बराच जास्त कमी होतो. ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटर धरा. ६०० फेऱ्यांना त्याच्या कडेवरचे दाते सेकंदाला सुमारे १९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर वेगाने धावतात. ४०० फेऱ्यांना हा वेग ताशी ४५ किलोमीटर होतो. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दोनतृतीयांश झाला, की ऊर्जा चारनवमांश होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दाणा फुटतो की वाचतो, हे इथे ठरते.

सोयाबीनला हा मार विशेष बाधतो. त्याचे टरफल पातळ असते आणि भावी मूळ टरफलाच्या अगदी खाली, दाण्याच्या कडेला असते. दाण्याची डाळ झाली, तर नुकसान दिसते तरी. टरफलाला नुसता तडा गेलेला दाणा वरून चांगला दिसतो आणि जमिनीत कुजतो. दाणा जितका कोरडा, तितका तो ठिसूळ. म्हणूनच बियाण्यासाठी मळणी करताना दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर ४०० ते ५०० फेरे आणि १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० फेरे ठेवावेत, असा सल्ला दिला जातो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दाण्याला फेरे कळत नाहीत, दात्याचा वेग कळतो. ड्रम मोठा असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांना मार जास्त बसतो.

इथे मुलीने दुसरा प्रश्न विचारला. यंत्र ट्रॅक्टरवर चालत असेल, तर पुली बदलण्याऐवजी इंजिनचा वेगच कमी केला तर? तसे केले, तर ड्रमबरोबर भुसकट उडवणारा पंखाही मंदावतो. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, पण हवेचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि पंख्याला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात कमी होते. फेरे दोनतृतीयांश झाले, की दाब चारनवमांश होतो आणि भुसकट दाण्यातच राहते.

पंख्याची ही अडचण ड्रमची पुली बदलल्यावरही येते, कारण बहुतेक यंत्रांत पंखा ड्रमच्या शाफ्टवरूनच फिरतो. पंख्याला वेगळा शाफ्ट आणि पट्टा असेल, तर त्याची पुली त्याच प्रमाणात लहान करावी. ९ इंची असेल तर ६ इंची बसवली, की पंख्याचे फेरे पूर्ववत होतात. पंखा ड्रमच्याच शाफ्टवर बसवलेला असेल, तर हवेची झडप पूर्ण उघडावी, पीक थोडे थोडे टाकावे आणि उरलेले भुसकट नंतर उफणून काढावे.

मोटारगाड्यांचे हौशी लोकही घरच्या घरी अशीच एक पुली बदलतात. काही गाड्यांच्या इंजिनावर सुपरचार्जर नावाचा हवेचा पंप असतो. इंजिनच पट्ट्याने त्याला फिरवते आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. त्याचा एक जुना प्रकार अमेरिकेतल्या रूट्स बंधूंच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८६० साली पेटंट घेतलेले यंत्र मुळात भट्टीला हवा पुरवण्यासाठी होते. सुपरचार्जरची पुली १० टक्क्यांनी लहान केली, की तो सुमारे ११ टक्के जास्त वेगाने फिरतो आणि जास्त हवा देतो. पण जास्त हवेला जास्त इंधन लागते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेले मिश्रण वेळेआधी पेटले, तर इंजिन ठोके देऊ लागते. इंधनाचा पुरवठा आणि ठिणगीची वेळ जुळवून न घेता नुसती पुली बदलणारा मनुष्य इंजिन गमावू शकतो. मळणी यंत्रात आपण वेग कमी करतो आणि गाडीत तो वाढवतात, पण धडा एकच आहे. पुली बदलणे हे तासाभराचे काम, तिच्यापुढे जे जे जोडलेले आहे त्याचा हिशेब करणे हे खरे काम.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम वीज तोडावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, फ्यूज काढून खिशात ठेवावा. यंत्र ट्रॅक्टरवर असेल, तर इंजिन बंद करून चावी जवळ ठेवावी आणि जोडदांडा सोडवावा. मोटरचे बोल्ट सैल करून ती पुढे सरकवली, की पट्टा हाताने निघतो. तो पान्याने उचकटू नये. पुलीचा स्क्रू सैल करून ती पुलरने ओढून काढावी. हातोड्याचे घाव पुलीवर बसले, तरी त्यांचा धक्का बेअरिंगला पोचतो. नव्या पुलीचे भोक आणि चावीची खाच शाफ्टला नेमकी बसली पाहिजे. सैल असेल, तर कागद किंवा पत्रा घालून भागवू नये, लेथवाल्याकडून नीट करून घ्यावी.

१२ ऐवजी १८ इंची पुली आली, की पट्टाही सुमारे १० इंच लांब लागतो. दोन्ही पुल्यांच्या कडांवर एक ताणलेली सुतळी धरावी. ती चारही ठिकाणी टेकली, तर पुल्या एका रेषेत आहेत. शेवटी पट्ट्यावरची जाळी पुन्हा बसवावी. मळणी यंत्रात हात गमावलेली माणसे खेड्यापाड्यांत पाहायला मिळतात. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा केला, तो याच यंत्रांकडे पाहून.

हिशेबाने आलेले फेरे प्रत्यक्षात पडतात का, हेही पाहावे. फेरे मोजण्याचे यंत्र नसेल, तर यंत्र थांबलेले असताना पुलीवर खडूने एक खूण करावी. मग यंत्र सुरू करून, दूर उभे राहून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेणारे चित्रीकरण करावे. एका फेऱ्याला ३६ चित्रे लागली, तर फेरे ४००, आणि २४ लागली, तर ६००.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करावा. सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मोजून, पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरेल, हे मुलांना आधी काढू द्यावे आणि मग मोजून पाहू द्यावे. साखळी घसरत नाही, त्यामुळे उत्तर तंतोतंत येते. त्याबरोबरच प्रत्येकाने घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे आणून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि आठवड्याने मोड मोजावेत. ७० किंवा त्याहून जास्त उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य. कमी उगवले, तर घरी जाऊन मळणीच्या वेळी ड्रमचे फेरे किती होते, हे विचारायला सांगावे.

त्या अंगणात नवी पुली बसली, फेरे ४०० च्या जरा खालीच भरले. मेच्या अखेरीस मुलीने फोन करून एवढेच सांगितले, "काका, शंभरातले एक्क्याऐंशी."